एका नटाचा आकडा

मोटारीच्या पुढच्या चाकातील हबचे बेअरिंग निकामी होऊ लागले म्हणजे ते जो आवाज करते, तो प्रथम आवाज म्हणून ओळखूच येत नाही. रस्ता खडबडीत असेल, टायर जुने झाले असतील, काच पुरती वर गेली नसेल, अशी एकामागून एक कारणे मन पुढे करीत राहते, आणि दोन-तीन महिने लोटल्यावर, शेजारी बसलेल्या माणसाशी आपण नकळत स्वर चढवून बोलत आहोत हे ध्यानात येते, तेव्हाच कोठे त्या घुमण्याचे स्वतंत्र अस्तित्व आपण मान्य करतो. माझ्या भाच्याच्या मोटारीत मी कोल्हापूरला निघालो होतो तेव्हा नेमके असेच घडले. सपाट रस्त्यावर ऐंशीच्या वेगाला एक अखंड घरघर येई. गिअर काढून मोटार नुसती वाहू दिली तरी ती थांबत नसे, म्हणजे तिचा इंजिनाशी संबंध नव्हता. रस्त्याचा पृष्ठभाग बदलला तरी ती बदलत नसे, म्हणजे टायरांवर दोष ठेवता येत नव्हता. आणि खंबाटकीचा घाट चढू लागल्यावर डावीकडच्या वळणावर ती वाढे व उजवीकडच्या वळणावर मंदावे. डावे वळण घेताना मोटारीचा भार उजव्या चाकांवर कलतो, एवढी साधी गोष्ट लक्षात घेतली की निदान झालेच : पुढचे उजवे चाक. खेदाची गोष्ट ही की याच चाकाचे हब-बेअरिंग पाचच महिन्यांपूर्वी नवे बसविलेले होते.

ही मोटार म्हणजे २०१४ साली घेतलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. चाकणच्या कारखान्यात २००९ च्या अखेरीपासून २०२२ पर्यंत पोलो घडत होती, आणि तिच्या अनेक आवृत्त्यांपैकी ही जीटी तरुण चालकांच्या विशेष आवडीची. दिसायला चौघांच्या कुटुंबाची आटोपशीर हॅचबॅक. परंतु बाराशे घनसेंटिमीटरच्या छोट्या इंजिनाला टर्बोची जोड देऊन त्यातून १०५ अश्वशक्ती काढलेली, सात गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स, आणि पायाच्या किंचित दाबाबरोबर पुढे झेपावण्याची वृत्ती. अशा मोटारींचे मालक हौसेने रुंद टायर व मोठी चाके बसवितात, कधी चाक बाहेरच्या बाजूस दिसावे म्हणून मध्ये चकती घालतात, वळणे वेगाने घेतात. आणि या प्रत्येक हौसेचा खर्च शेवटी हबच्या नावे पडतो, कारण चाक जितके बाहेर सरकेल तितका बेअरिंगवरील पिळाचा हात लांबतो, आणि टायरची भिंत जितकी आखूड तितका खड्ड्याचा घाव थेट आत पोचतो. भाच्याने यांपैकी बरेचसे केलेले नव्हते, हे मी न्यायाने सांगितले पाहिजे. त्याच्या चाकांचे माप मूळचेच होते.

हब म्हणजे काय हे बैलगाडीच्या देशातील माणसाला फारसे समजावून सांगावे लागू नये. गाडीच्या चाकाचा तुंबा तो हाच. फरक एवढाच की गाडीच्या तुंब्यात आस घासत फिरे व वंगणावाचून कुरकुरे, आणि मोटारीच्या हबमध्ये दोन पोलादी कड्यांच्या मधून गोळ्यांच्या दोन रांगा धावतात. त्या धावण्याचे प्रमाण मनात आणले म्हणजे या लहानशा वस्तूविषयी आदर वाटू लागतो. पोलोच्या पंधरा इंची चाकाला एक किलोमीटर जाण्यास सुमारे सव्वापाचशे फेरे घ्यावे लागतात. लाख किलोमीटर चाललेल्या मोटारीचा हब म्हणजे सव्वापाच कोटी वेळा फिरलेला हब, आणि तोही तीनशे किलोंहून अधिक भार अंगावर घेऊन, ब्रेक लावताना त्याहून किती तरी जास्त सोसून, पावसाळ्यात डबक्यांतून आणि उन्हाळ्यात तापलेल्या डांबरावरून. वेल्समधील फिलिप व्हॉन या लोखंड-कारखानदाराने गाड्यांच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले ते १७९४ साली. तेव्हापासून आजवर मानवाने या गोळ्यांना जो गोलपणा व जी कठिनता आणून दिली, तिच्यावर आपण रोज प्राण सोपवून निर्धास्त बसतो. आणि एवढी सूक्ष्म घडण झालेली वस्तू बसविण्याच्या एका दुपारी कायमची बिघडविता येते.

पहिल्या वेळी तेच झाले होते. शहरातील एका गॅरेजात मोटार सकाळी दिली, संध्याकाळी परत मिळाली, बेअरिंग नामांकित कंपनीचे व खरेखुरे होते, बिलावर त्याचा क्रमांकही होता. आणि तरीही ते पाच महिन्यांत गेले. पोलोच्या या रचनेत बेअरिंग आणि हब मिळून एकच नग येतो, आणि तो नकलमध्ये, म्हणजे चाक ज्याच्या आधाराने वळते त्या ओतीव लोखंडी सांगाड्यातील गोल घरात, घट्ट दाबून बसवावा लागतो. घर आणि नग यांच्यात जागा सोडलेली नसते. नग केसभर मोठाच असतो, म्हणून तर तो धरून राहतो. लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव चढवी तेव्हा ती तापवून मोठी करी, आणि निवताना आवळत जाणारी धाव चाक जन्मभर धरून ठेवी, तत्त्व तेच. प्रश्न असतो तो दाब कोठे द्यावयाचा हा. बाहेरच्या कडीला धरून दाबले तर सारा जोर पोलादातून सरळ घरात उतरतो. परंतु हबची जी रुंद तबकडी हाताला सोयीची दिसते, जिच्यावर ब्रेकची डिस्क आणि चाक बसते, तिच्यावर लाकडी ठोकळा ठेवून हातोडा मारला की तोच जोर आतल्या कडीतून गोळ्यांत, आणि गोळ्यांतून बाहेरच्या कडीत जातो. गोळ्यांचा धावमार्गाला स्पर्श मुळी एका बिंदूपुरता असल्यामुळे प्रत्येक गोळी आपल्या जागी एक अतिसूक्ष्म खळगा पाडून ठेवते. डोळ्यांना तो दिसत नाही. त्या दिवशी आवाजही येत नाही. पुढे प्रत्येक फेऱ्यागणिक गोळ्या त्या खळग्यांवरून जातात, कडा झिजतात, पोलादाचे कण ग्रीसमध्ये मिसळतात, आणि काही महिन्यांनी घरघर ऐकू येते तेव्हा मालक बेअरिंगच्या कंपनीला, रस्त्याला किंवा स्वतःच्या नशिबाला दोष देतो.

दुसऱ्या वेळी आम्ही गेलो ते एका लहानशा शेडमध्ये. पुण्याच्या नाना पेठेतील सुट्या भागांच्या एका दुकानदाराने त्या शेडमधल्या मिस्त्रींचे नाव सांगितले होते, आणि सांगताना केवळ एवढेच म्हटले होते की हे काम ते ठोकून करीत नाहीत. मिस्त्री पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी प्रथम मोटार जॅकवर उचलून खाली घोड्या लावल्या, चाक वर व खाली धरून हलवून पाहिले, मग एक हात स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरविले आणि भाच्यालाही तसेच करावयास लावले. स्प्रिंगच्या तारेतून एक बारीक खरखर बोटांना जाणवत होती. डाव्या चाकावर तोच प्रयोग केला, तेथे काही नव्हते. "काका, बेअरिंग वाईट नव्हतं, बसवणं वाईट होतं," असे ते जुना नग बाहेर आल्यावर म्हणाले, आणि हबच्या तबकडीवरील हातोड्याच्या खुणा त्यांनी आम्हाला दाखविल्या. परंतु ज्याने ते काम केले त्याच्याविषयी त्यांनी एकही वावगा शब्द काढला नाही.

त्यांच्याकडे या कामाची हत्यारांची पेटी होती. बेअरिंगच्या कडेला दोन्ही बाजूंनी कवटाळणाऱ्या दोन अर्धगोल पोलादी कवच्या, आणि त्यांना पलीकडून खेचणारा जाड आट्यांचा दांडा. पोलोच्या वर्गातील मोटारींना ६६ किंवा ७२ मिलिमीटर व्यासाचे नग लागतात, आणि त्या त्या मापाच्या कवच्या या पेटीत असतात. कवच्या नगाच्या बाहेरच्या कडीला धरतात, पान्याने दांडा फिरविला की नग एका रेषेत, न तिरकता, घरात सरकत जातो, आणि गोळ्यांना त्या साऱ्या ओढाताणीची वार्ताही लागत नाही. कॅलिपर त्यांनी तारेने टांगून ठेवला होता, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू दिला नव्हता. नव्या नगाच्या ज्या बाजूला एबीएसच्या सेन्सरसाठी चुंबकीय कडे असते ती बाजू आत राहील याची त्यांनी दोनदा खातरजमा केली, आणि तो नग लोखंडाच्या किसाने भरलेल्या बाकावर न ठेवता डब्यातच राहू दिला, कारण त्या कड्याला चिकटलेला कीस पुढे सेन्सरला खोटी खबर देऊ शकतो. घराची आतली बाजू घासून स्वच्छ केली. मग दांडा फिरवू लागले, आणि नग जवळजवळ पुरता आत गेला तेव्हा त्यांनी हात वर करून शेडमधल्या पोराला रेडिओ बंद करावयास सांगितले. आम्ही सर्व स्तब्ध उभे होतो. आणखी अर्धा फेरा, आणि आतून स्पष्ट असा 'टक्' आवाज आला. नगावरची लॉकची कडी घरातल्या खाचेत उघडून बसली होती. हा आवाज ऐकला नाही तर काम झालेले नसते. कडी खाचेत नसेल तर नग पुढे कधी तरी घरातून सरकू शकतो, आणि ते केव्हा व किती वेगात असताना घडेल हे कोणीच सांगू शकत नाही.

यानंतर राहिला तो ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाचा मोठा नट. हा लेख मी ज्याच्यासाठी लिहावयास घेतला आहे, तो हा नट. हब आणि शाफ्ट यांना एकत्र बांधणारा तो एकच दुवा आहे, आणि तो आवळण्याचे माप ठरलेले असते. कमी आवळला तर सांधा ढिला राहून बेअरिंग डुलते. अनेक मोटारींच्या हबमध्ये आतल्या दोन कड्या परस्परांवर दाबून धरण्याचे कामच हा नट करतो, तेव्हा ढिला नट म्हणजे ढिले बेअरिंग. जास्त आवळला तर आटे ताणले जातात, आणि ताणलेला आटा तुटण्यापूर्वी पूर्वसूचना देत नाही. शिवाय हा नट दुसऱ्यांदा वापरावयाचा नसतो, कारण त्याची स्वतःला अडकवून धरण्याची शक्ती पहिल्या आवळण्यातच खर्च झालेली असते. त्याचे माप निरनिराळ्या मोटारींत निरनिराळे असते : काही ठिकाणी सरळ न्यूटन-मीटरचा आकडा, काही ठिकाणी प्रथम एक आकडा आणि त्यावर अंशांत मोजलेले वळण, आणि एकाच नावाच्या मोटारीतही साल बदलले, शाफ्ट बदलला, नटाच्या जागी बोल्ट आला, की सर्व हिशेब बदलतो. या शेवटच्या कामात अंदाजाला जागा नाही. पन्नास वर्षांचा अनुभव असलेला हातसुद्धा न्यूटन-मीटर ओळखू शकत नाही; ते टॉर्क पान्यालाच कळते, आणि टॉर्क पान्याला ते कोणी तरी सांगावे लागते.

मिस्त्रींनी एका लोखंडी कपाटातून एक वही काढली. शाळकरी पोरांची, खाकी पुठ्ठ्याची, दोनशे पानी. तिच्यात प्रत्येक पानावर एका मोटारीचे नाव, साल, आणि खाली त्यांच्या हस्ताक्षरात आकडे : हबचा नट इतका, बॉल जॉइंट इतका, कॅलिपर इतका, चाकाचे बोल्ट इतके. काही आकडे खोडून बाजूला दुसरे लिहिलेले, काहींपुढे प्रश्नचिन्ह. हे आकडे आणले कोठून असे विचारले तेव्हा ते म्हणाले की काही एका ओळखीच्या माणसाने सांगितले, जो पूर्वी मोठ्या वर्कशॉपमध्ये होता. काही झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून उतरवून घेतले, ज्यात तीन आणि आठ यांतला फरक पुसट झाला होता. काही मोबाइलवर एका परदेशी माणसाच्या व्हिडिओत ऐकले, पण त्याची मोटार आपल्याकडचीच होती की नाही याची खात्री नव्हती. पोलोच्या पानावरचा आकडा त्यांनी दोन वेगळ्या ठिकाणांहून ताडून पाहिला होता, म्हणून त्यापुढे प्रश्नचिन्ह नव्हते. चाकाच्या बोल्टांपुढे १२० लिहिले होते, तो आकडा मोटारीबरोबरच्या पुस्तिकेत छापलेलाच असतो. चाक बदलणे हे मालकाचे काम मानतात, म्हणून तो मालकाला सांगतात. हब बदलणे मालकाचे काम नव्हे, म्हणून तो आकडा पुस्तिकेत नाही.

मी ती वही बराच वेळ हातात धरून होतो. एखाद्या जुन्या वैद्याच्या घरी बाडे असतात, दोन पिढ्यांनी उतरवून घेतलेली, तशी ती वही होती. परंतु वैद्याच्या बाडातील ज्ञान त्याच्या पूर्वजांनी अनुभवाने मिळविलेले असे आणि ते गुप्त ठेवण्याचा त्याला निदान काही हक्क सांगता येई. या वहीतले ज्ञान मिस्त्रींना चोरपावलांनी गोळा करावे लागले आहे, आणि ज्यांच्याजवळ ते अधिकृत, स्वच्छ, छापील स्वरूपात आहे, त्यांना ते उघड करण्यास एका कागदापलीकडे खर्च नाही. माझे म्हणणे असे की रस्त्यावर सार्वजनिक वाहतुकीच्या मधून धावणाऱ्या यंत्राचा नट किती आवळावयाचा, हा आकडा कोणाही कंपनीच्या खाजगी मालकीचा असू शकत नाही. इंजिनाची रचना तिची असेल, संगणकातील आज्ञावली तिची असेल, तिच्यावरील हक्क कायद्याने तिला जरूर मिळावेत. परंतु चाक निखळू नये म्हणून लागणारा आकडा त्या चाकासमोर रस्ता ओलांडणाऱ्या प्रत्येक माणसाचा आहे.

हा प्रश्न आपल्या देशात अगदीच नवा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी, म्हणजे भाच्याने मोटार घेतली त्याच वर्षी, १४ मोटार-उत्पादक कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोषनिदानाची साधने स्वतंत्र दुरुस्तीकारांपासून राखून ठेवून या कंपन्यांनी दुरुस्तीच्या बाजारावर आपली मक्तेदारी बसविली आहे, असा आयोगाचा निष्कर्ष होता. भाग व साधने खुल्या बाजारात सुलभपणे मिळतील अशी व्यवस्था करावी, आणि ग्राहकाने बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच सबबीवर सरसकट हमी रद्द करू नये, असा स्पष्ट हुकूम त्यात होता. पुढे २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या कक्षेत शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे यांच्या जोडीला मोटारीही घातल्या, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात एक संकेतस्थळ सुरू केले. ही पावले योग्य दिशेची आहेत यात शंका नाही. पण संकेतस्थळावर माहिती ठेवावयाची की नाही हे कंपन्यांच्या मर्जीवर सोडलेले आहे, आणि नाना पेठेच्या आसपासच्या शेडमध्ये आजही खाकी वही आहे, एवढे सांगितले म्हणजे अंमलबजावणीची कैफियत पुरी होते.

कंपन्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. त्या म्हणतात की अप्रशिक्षित माणसाच्या हाती माहिती दिली तर तो तिचा दुरुपयोग करील, अर्धवट काम करील, आणि अपघात झाला म्हणजे दोष आमच्या नावावर येईल. अधिकृत वर्कशॉपमध्ये योग्य हत्यारे असतात, शिकलेली माणसे असतात, आणि तेथे काम करवून घेणे सुरक्षित असते, हे मला मान्य आहे. परवडत असेल त्याने हब तेथेच बदलावा असेही मी म्हणेन. परंतु हमीची मुदत संपलेली, सात-आठ वर्षांची, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेलेली मोटार सामान्यतः त्या दारात जात नाही, ही वस्तुस्थिती आहे, आणि तालुक्याच्या गावी तर ते दारच नसते. अकलूजच्या किंवा देवगडच्या माणसाचे पुढचे चाक घुमू लागले तर त्याने काय करावे? तो गावच्या मिस्त्रीकडेच जाणार, आणि मिस्त्री ते काम करणारच, कारण त्याचे पोट त्यावर आहे. म्हणजे अप्रशिक्षित म्हटलेल्या हातांनी हे काम आज होतच आहे. आकडा लपवून ते थांबलेले नाही. आपल्यापुढे निवड आहे ती इतकीच की ते आकड्यासह व्हावे की आकड्यावाचून.

आणि आकड्यावाचून झालेले काम पकडण्याची कोणतीही चाळणी आपल्याकडे नाही, यामुळे प्रकरण अधिक गंभीर होते. ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरील प्रत्येक खाजगी मोटारीची दरवर्षी तपासणी होते, आणि चाकाचे बेअरिंग ढिले आढळले तर ती मोटार नापास होते. आपल्याकडे भाड्याच्या व मालवाहू गाड्यांना ठराविक मुदतीने योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. खाजगी मोटारीला मात्र नोंदणीपासून पंधरा वर्षे कोणी विचारीत नाही. पंधरा वर्षांत दोनदा हातोड्याने ठोकलेला हब घेऊन ती मोटार द्रुतगती मार्गावरून शंभराच्या वेगाने जाऊ शकते, आणि कायद्याच्या दृष्टीने ती निर्दोष असते.

उपाय अवघड नाही, आणि त्याची जागा पुण्यातच आहे. कोणतीही नवी मोटार बाजारात येण्यापूर्वी केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२६ व्या नियमाप्रमाणे तिच्या नमुन्याची तपासणी करून घ्यावी लागते, आणि ती तपासणी करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांपैकी एक, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, वेताळ टेकडीवर आहे. त्या वेळी कंपनीला मोटारीचा सविस्तर तपशील दाखल करावाच लागतो. त्याच दस्तऐवजांबरोबर एक जादा तक्ता मागावा : सुकाणू, ब्रेक, निलंबन आणि चाके यांच्या प्रत्येक सुरक्षा-सांध्याचे आवळण्याचे माप, कोणता नट वा बोल्ट पुन्हा वापरू नये याची यादी, आणि हबसारखा नग कोठे धरून दाबावा याची आकृती. चार पानांहून हा तक्ता मोठा होणार नाही. तो शासनाने आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवावा, मराठीसह देशी भाषांत ठेवावा, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून दोन वर्षांचा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या प्रत्येक मुलाला तो वाचावयास व टॉर्क पान्यावर लावावयास शिकवावा. यात कोणाचेही व्यापारी गुपित उघड होत नाही. माझ्या परीने मी असे सुचवीन की जुन्या मोटारींसाठीही हाच तक्ता मागवावा, कारण नव्या मोटारी नव्या आहेत तोवर अधिकृत वर्कशॉपमध्येच जातात; वहीची गरज जुन्यांना आहे.

ग्राहकाचाही यात वाटा आहे, आणि तो सांगितल्यावाचून राहणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपण मिस्त्रीकडे जातो तेव्हा पहिला प्रश्न किती रुपये असा करतो व दुसरा केव्हा मिळेल असा; या दोन प्रश्नांनीच हातोडा त्याच्या हातात दिला जातो. हत्यारांची पेटी, टॉर्क पाना आणि नवा नट यांना पैसे पडतात, नकल साफ करावयास वेळ लागतो, हबच्या तबकडीचे डोलणे डायलवर मोजावयास आणखी वेळ लागतो. हे डोलणे एका मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपासच सह्य मानतात, कारण तबकडीवरचा अल्पसा दोष डिस्कच्या कडेला पोचेपर्यंत वाढतो आणि ब्रेक लावताना पायाखाली थरथर होऊन जाणवतो. आमच्या मिस्त्रींनी ते मोजले, नट वहीप्रमाणे चाक अधांतरी असतानाच आवळला, मगच मोटारीचे वजन चाकांवर येऊ दिले, चाकाचे बोल्ट आडव्या-उभ्या क्रमाने १२० ला आवळले, आणि पहिल्या गॅरेजपेक्षा थोडी अधिक मजुरी मागितली. ती योग्य होती. त्यानंतर ती मोटार खंबाटकीतून तीनदा गेली आहे आणि उजवे चाक गप्प आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने हा तक्ता सक्तीचा करावा अशी माझी जाहीर मागणी आहे, आणि मराठी मोटारमालकांस एक विनंती आहे : पुढच्या वेळी हबचे काम कराल तेव्हा, गॅरेज मोठे असो की लहान, नट नवा घातला काय आणि कितीला आवळला हे विचारा, आणि तो आकडा बिलावर लिहून घ्या.